मदत हवी आहे: एचआयव्ही आटोक्यात आला म्हणतात, मग एस्वातिनीचा टक्का खाली का येत नाही?

नमस्कार मंडळी,

मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते आणि पुढच्या आठवड्यात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या देशांतल्या एचआयव्हीवर तास घ्यायचाय. वाचून झालंय बरंच, पण एका ठिकाणी गाडी अडलीये.

एस्वातिनीत, म्हणजे आधीच्या स्वाझीलँडमधे, १५ ते ४९ वयातल्या साधारण चारातल्या एकाला एचआयव्ही आहे, जगात सगळ्यात जास्त. लेसोथो आणि बोत्स्वानात पाच-सहातला एक धरा. आणि गंमत बघा, यातल्याच एस्वातिनी नि बोत्स्वानाला यूएनएड्सवाले (संयुक्त राष्ट्रांची एड्सवर काम करणारी संस्था) यशस्वी देश म्हणतात, कारण त्यांनी ९५-९५-९५ गाठलं. म्हणजे लागण झालेल्यातल्या ९५ टक्के लोकांना ती माहितीये, त्यातले ९५ टक्के औषधावर आहेत आणि त्यातल्या ९५ टक्क्यांच्या रक्तात विषाणू दबलेला आहे. एका मुलीने मला सरळ विचारलं, मॅडम इतकी वर्षं गोळ्या देऊनही चौथा माणूस पॉझिटिव्हच, मग काम झालं कुठे? मला तिला पटेल असं सांगता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलंय.

दुसरं म्हणजे युगांडा. तिथे औषधं यायच्या आधीच टक्का उतरला होता, मग तो कशाने उतरला? आणि तिसरं, कोवळ्या मुलींमधे लागण त्यांच्याच वयाच्या मुलांपेक्षा इतकी जास्त का?

कृपया नुसतं "जनजागृती झाली" असं नका सांगू, कोणी आकडे धरून समजावलंत तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. एक हजार प्रौढ माणसं धरा, त्यात २६० पॉझिटिव्ह, उरले ७४०. एस्वातिनीत २०११ च्या पाहणीत लागण नसलेल्या शंभरातल्या साधारण अडीच जणांना वर्षाला नव्याने लागण होत होती, म्हणजे ७४० मागे १८ जण. २०१६-१७ च्या पाहणीत हा दर १.४ च्या आसपास आला, म्हणजे १० जण. जवळजवळ निम्मं झालं की हो! आता दुसरी बाजू. औषध नसेल तर लागण झाल्यापासून माणूस सरासरी दहा-अकरा वर्षं जगतो, म्हणजे २६० पैकी वर्षाला पंचवीसेक जण जाणार. औषध चालू झाल्यावर ही माणसं जगायला लागली, मुलं वाढवायला लागली, पण मोजताना ती त्या २६० मधेच राहतात. नवे १० येतात आणि जाणारे बोटावर मोजण्याइतके, मग टक्का उतरणार कसा? पूर्वी टक्का स्थिर दिसायचा तो लोक मरत होते म्हणून, हे त्या मुलीला जरूर सांगा. तिला दोन आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवा, नवीन लागण आणि मृत्यू. आणि टक्का बघायचाच असेल तर वयोगटाने बघा, सगळ्यात जास्त टक्का असलेला गट हळूहळू वरच्या वयाकडे सरकलेला दिसेल.

प्रतिसाद २

युगांडाबद्दल. १९८६ मधे मुसेवेनी सत्तेवर आले आणि राष्ट्राध्यक्ष स्वतः सभांमधून एड्सवर बोलायला लागले, तेव्हा बाकीचे बरेच नेते विषयच टाळत होते. तिथली "झिरो ग्रेझिंग" मोहीम म्हणजे खुंट्याला बांधलेली गाय दुसऱ्याच्या कुरणात चरत नाही तसं, आपल्या जोडीदाराशी राहा. जोडीदारांची संख्या खरंच कमी झाली. १९८७ मधे टासो संस्था सुरू झाली, पेशंट लोकच एकमेकांना आधार द्यायला लागले. पण टक्का उतरला त्यात मृत्यूंचाही वाटा होता, तो लपवून नुसतं वागणूक बदलल्याचं कौतुक केलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

याच्या उलट दक्षिण आफ्रिका. २००० च्या सुमाराला तिथलं सरकार एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच मानायला तयार नव्हतं. आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून द्यायचं नेविरापीनसुद्धा सगळीकडे देईनात, शेवटी ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही संघटना कोर्टात गेली आणि २००२ मधे तिथल्या घटना न्यायालयाने ते द्यायला लावलं. त्या काळात औषधं उशिरा आल्यामुळे तीन लाखांहून जास्त जीव गेले असा अंदाज आहे. मला हे वाचताना आजही राग येतो. शेजारच्या बोत्स्वानाने २००२ मधेच सरकारी खर्चाने औषध द्यायला सुरुवात केली होती.

प्रतिसाद ३

ताई, मुलींबद्दल लिहिते. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल भागात संशोधकांनी विषाणूंचे जनुकीय नमुने जुळवून कोणाचा विषाणू कोणाच्या जवळचा ते शोधलं. पंचविशीच्या आतल्या मुलींना लागण बहुतेक करून २५ ते ४० वयाच्या पुरुषांकडून आलेली, वयाचा फरक सरासरी आठेक वर्षांचा. त्या पुरुषांना ती त्यांच्या वयाच्या बायकांकडून आणि मग याच मुली मोठ्या झाल्या की त्यांच्याकडून पुढच्या पुरुषांना, असं चक्र फिरत राहतं. मोठ्या वयाच्या पुरुषाकडे पैसा असतो आणि कंडोमचा आग्रह धरणं मुलीला जमत नाही. बायकांची तपासणी निदान गरोदरपणात तरी होते, हे पुरुष दवाखान्यात फिरकतच नाहीत, त्यामुळे कोणाला कळतही नाही.

म्हणून मुलींना नुसता उपदेश करून काही होत नाही. बोत्स्वानात १९९६ मधे शाळेची रचना बदलली आणि मुलं एक वर्ष जास्त शिकायला लागली, तर माध्यमिक शाळेच्या त्या एका वर्षामागे लागणीचा धोका ८ टक्के-अंकांनी कमी झालेला आढळला, आणि मुलींना फायदा जास्त. माझ्या मते तासाचा निम्मा वेळ यावरच द्या.

धागाकर्ती

खूप खूप आभार सगळ्यांचे, हजार माणसांचा हिशोब तर फळ्यावरच मांडणार. अजून एक विचारते. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशांना द्यायची मदत थांबवली, मग हे मिळवलेलं टिकणार का? आणि लागण होऊ नये म्हणून ते दर सहा महिन्यांनी घ्यायचं नवीन इंजेक्शन म्हणतात ते खरंच इतकं चांगलं आहे का?

प्रतिसाद १

इंजेक्शन म्हणजे लेनाकापावीर. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या २१३४ मुली-तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, २०२४ मधे निकाल आला. लागण टाळायची रोजची गोळी घरात लपवून ठेवायची कटकट नाही, त्यामुळे प्रतिसाद ३ मधल्या मुलींना हे फार उपयोगी. पण ते लागण नसलेल्यांसाठी, ज्यांना आधीच लागण आहे त्यांची रोजची गोळी चालूच राहिली पाहिजे. रक्तात विषाणू दबलेला असेल तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही, पण गोळी बंद झाली की थोड्याच आठवड्यांत तो परत वर येतो. मदत थांबली तेव्हा काही ठिकाणी क्लिनिकं बंद पडली, गावात फिरून गोळी सुटलेल्यांना शोधून आणणारे कार्यकर्ते घरी बसले. बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका औषधाचा बराचसा खर्च स्वतः करतात त्यामुळे तिथे धक्का थोडा कमी, जे देश बाहेरच्या पैशावर जास्त टेकलेत तिथली मला जास्त काळजी वाटते.