शिफ्टचं वेळापत्रक आधी कळतं का? – अनुभव धागा (कोकण)

लोटेवाला
गणपतीच्या रजेचे अर्ज सुरू झाले आणि टाइम ऑफिसबाहेरचा फळा आठवला. संध्याकाळी एक नाव, सकाळी त्या जागी दुसरंच. म्हणून हा धागा. लोटे, महाड, रोहा, मिरजोळे, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतले असा, पुढच्या आठवड्याची शिफ्ट कशी कळते आणि कुठे घोळ होतो ते लिहा.

माझ्याकडून सुरुवात. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं कलम ६१: कोणत्या गटाने कोणत्या दिवशी किती ते किती काम करायचं, याची नोटीस कारखान्यात लावलेली हवी आणि प्रत निरीक्षकाकडे हवी. पद्धत बदलायची तर आधी कळवायचं, आणि एकदा बदलल्यावर निरीक्षकाच्या मंजुरीशिवाय आठवडाभर पुन्हा हात लावायचा नाही. कोण कोणत्या गटात ते कलम ६२ च्या रजिस्टरमध्ये. २१ नोव्हेंबर २०२५ ला श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात हाच नियम व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१ मध्ये आला आहे. तेव्हा "जुना कायदा गेला, आता नोटीस नाही" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

मिऱ्याबंदर
आमच्या कोळंबी सोलायच्या कारखान्यात बोर्ड असतो पण फक्त वेळा. नावं रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर

लोटेवाला
@मिऱ्याबंदर मेसेज जपून ठेवा, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. ग्रुप डिलीट झाला की हातात काही उरत नाही. आणि रजिस्टरमध्ये तुमचा गट कोणता लिहिलाय ते विचारा. बोर्ड आणि रजिस्टर सोडून तिसऱ्याच वेळेला काम घेता येत नाही, जुन्या कायद्याचं कलम ६३ नेमकं त्यासाठीच होतं.

खेडची_ताई
सगळे नोटिशीवर बोलतात, मूळ दुखणं माणसांचं आहे. चोवीस तास चालणारा प्लांट म्हणजे आठवड्याचे १६८ तास. तीन टोळ्यांत वाटले तर माणशी ५६ येतात आणि मर्यादा ४८ ची. म्हणजे दर आठवड्याला ८ तास ओव्हरटाइम, नाहीतर सुट्टी बुडणार. चौथी टोळी ठेवली की माणशी ४२. जिथे तीनच टोळ्या आहेत तिथे एक जण आजारी पडला की कोणाला तरी डबल, आणि मग वेळापत्रक कितीही आधी लावा, तिसऱ्या दिवशी ते कागदावरच राहतं. रिलीव्हर, म्हणजे बदलीची माणसं, किती ठेवलेत हे आधी विचारा. टोळी फिरवायची तर फर्स्ट, सेकंड, थर्ड अशी पुढे फिरवा, झोप सावरते. उलटी फिरवली की सेकंड रात्री संपते आणि पहाटे फर्स्टला हजर. बदल साप्ताहिक सुट्टीनंतरच. बायकांसाठी तर जुन्या कायद्यात ते कलम ६६ मध्ये लिहिलेलंच होतं.

गुहागरकर
ताई १०० टक्के. आणि सेकंड सुटल्यावर एसटी कुठे असते? कंपनीची गाडी नसेल तर वेळापत्रकासोबत गाडीचा मार्गही लावायला हवा

मिऱ्याबंदर
होड्या कधी येणार ते आधी कसं कळणार पण? कोळंबी आली की लगेच सोलायला लागते, बर्फात किती वेळ ठेवणार

खेडची_ताई
@मिऱ्याबंदर म्हणून दोन याद्या करायच्या. एक पक्की, आठवड्याची. दुसरी राखीव, आदल्या संध्याकाळी बंदरावर चौकशी करून नक्की करायची. राखीव यादीत आज कोण, उद्या कोण हे आळीपाळीने आणि लेखी. नाहीतर मुकादमाच्या ओळखीच्या बायकांना काम आणि बाकीच्या दिवसभर फोनकडे बघत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, याद्या बसवायचं काम तेव्हाच करून घ्यावं, ऑगस्टच्या गर्दीत कोणी ऐकत नाही.

जुन्या कायद्यात मासळी प्रक्रियेतल्या बायकांच्या कामाबाबत सूट द्यायची सोय होती, माल खराब होऊ नये म्हणून. पण ती रात्रीच्या वेळेबद्दल. कोणीही कधीही बोलवावं असा तिचा अर्थ नाही. नव्या संहितेत संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी बाईची संमती लागते.

तारकर्ली_वारा
ह्या सगळा कारखान्यांचा झाला. हॉटेलात काय? मे महिन्यात माणसा गावनत नाय, सुट्टी मागितली की मालक म्हणता गिऱ्हाईक बघून सांगतंय

दापोली_७
@तारकर्ली_वारा कामगारांची संख्या कायद्याच्या मर्यादेत बसणाऱ्या मोठ्या हॉटेलाला २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा. त्यात शिफ्टमधल्या कामाच्या वेळा कामगारांना लेखी कळवायच्या आणि सुविधाकाराकडे (सरकारी निरीक्षकाकडे) पाठवायच्या असं आहे. सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी, बुडाली तर दोन महिन्यांत बदली रजा. पण लेखी किती दिवस आधी, तो आकडा त्यात नाही, सगळी पळवाट तिथेच. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात मोठ्या हॉटेल आणि दुकानांना १४ दिवस आधी लावावं लागतं, २०२० पासून. आपल्याकडे असा आकडा यायलाच हवा.

सारंग_वेंगुर्ला
जहाजावर बघा. वॉचचा, म्हणजे जहाजावरच्या पाळ्यांचा, तक्ता सगळ्यांना दिसेल असा लावलेला, जहाजाच्या कामकाजाच्या भाषेत आणि इंग्रजीत. २४ तासांत किमान १० तास विश्रांती, सात दिवसांत ७७. ते १० तास दोनपेक्षा जास्त तुकड्यांत नाही, एक तुकडा सहा तासांचा हवाच. विश्रांतीची नोंद रोज होते आणि प्रत खलाशाला मिळते. जमिनीवरही हे जमायला हवं

गुहागरकर
थर्डच्या डब्याला काय नेता लोक? भात नेला की तीनला डोळे मिटतात

खेडची_ताई
नाचणीची भाकरी आणि सुकं. आंबोळीही चालते, भात घरी येऊन.

मिऱ्याबंदर
कंत्राटी बायकांचं नाव बोर्डावर नसतंच मुळी, ते पण लिहा

लोटेवाला
हो, महत्त्वाचं. ठेकेदाराची माणसंही त्याच वेळांत काम करतात, त्यांचा गट नोटिशीत यायलाच हवा. आणि नोटीस बहुतेक कामगारांना कळेल त्या भाषेत हवी.

अजून एक, २१ दिवसांचा गोंधळ फार होतो. ठरलेल्या क्रमाने दर आठवड्याला शिफ्ट फिरते त्याला २१ दिवसांची नोटीस लागत नाही. स्थायी आदेश (कंपनीचे ठरलेले लेखी कामाचे नियम) सोडून नवी शिफ्ट सुरू करणं, असलेली बदलणं किंवा बंद करणं, त्याला लागते. आधी औद्योगिक विवाद कायद्याचं ९ अ, आता औद्योगिक संबंध संहितेचं कलम ४०. तातडीच्या प्रसंगी सूट आहे, पण तक्रार निवारण समितीशी बोलून.

तारकर्ली_वारा
@दापोली_७ लेखी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप चलात काय?

दापोली_७
कागदच मागा. तारीख, आठवडा, वेळ, सुट्टीचा वार आणि मालकाची सही. खाडाखोड केली तर त्या जागी पुन्हा सही आणि तारीख. एक प्रत किचनच्या दाराजवळ लावा, गल्ल्यामागे नको, तिथे कोणाला दिसत नाही.