पालकाची सही कोण करणार? : नातवंडं-भाचरं सांभाळणाऱ्यांचा अनुभव धागा

धागाकर्ती मावशी, दादर

बहीण गेल्यापासून भाची माझ्याकडे आहे, चार वर्षं झाली. शाळेच्या डायरीत 'पालकाची सही' या रकान्यात रोज मीच सही ठोकते, कुणी हरकत घेतलेली नाही. गेल्या महिन्यात मात्र तिच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनचं संमतीपत्र समोर आलं. 'रुग्णाशी नातं' लिहून झालं आणि काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मावशी चालणार नाही, आई-वडलांना बोलवा." पोरगी आत कळवळतेय आणि मी बाहेर नातं सिद्ध करतेय. शेवटी डॉक्टरांनी निभावून नेलं.

तुम्ही कोणी कागद केलेत का? काय केलं, कुठे अडलं ते सविस्तर लिहा. 'चांगला वकील गाठा' हा सल्ला मिळून चुकलाय.

आजी, लालबाग

मुलगा आणि सून दोघंही २०२१ च्या मे महिन्यात गेले, अकरा दिवसांच्या अंतराने. नातू तेव्हा सहा वर्षांचा. कुणीतरी सांगितलं म्हणून शंभराच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं, नोटरीचा लाल शिक्का मारून घेतला आणि वाटलं, झालं काम. शाळेत चाललं. बँकेत त्या बाईंनी कागद उलटसुलट करून परत दिला, "आजी, हे तुम्हीच तुमच्याबद्दल लिहिलंय. कोर्टाने लिहिलेलं आणा."

खरी गोची घराची. भांडुपचा फ्लॅट मुलाच्या एकट्याच्या नावावर, डोक्यावर कर्ज. मुलगा आधी गेला म्हणून हिस्से तीन : सून, नातू आणि मी. (ह्यांना काही नाही. हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गात, बाप दुसऱ्या. हे ऐकून ह्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.) मग सून गेली, तिचा हिस्सा नातवाकडे. म्हणजे दोन तृतीयांश घर एका पहिलीतल्या पोराचं, आणि हप्ता भरायचा आमच्या पेन्शनीतून. विकायचं म्हटलं तर अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालच्या) मुलाचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

हायकोर्टात १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्टखाली, म्हणजे पालक नेमण्याच्या कायद्याखाली, अर्ज केला. सुनेच्या भावाने ना-हरकत दिली, नाहीतर काय झालं असतं देव जाणे. न्यायाधीशांनी नातवाला आत बोलावून विचारलं, आजी जेवायला काय देते? हा म्हणाला, "पोळीचा लाडू, पण गूळ कमी घालते." मला त्याची आणि त्याच्या मालमत्तेची, अशी दोन्हीची पालक नेमलं. त्यानंतर विक्रीची परवानगी वेगळी मागावी लागली. तोवर गिऱ्हाईक दोनदा पळालं. सगळं मिळून दीड वर्ष. नातवाच्या वाट्याचे पैसे हुकमाप्रमाणे मुदत ठेवीत आहेत, तो अठरा वर्षांचा होईपर्यंत. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादीही दाखल करायला लावली होती, तेव्हा पासबुकं-पावत्या एकाच पिशवीत ठेवा.

कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांना राज्य सरकारने पाच लाखांची ठेव दिली, ती मिळाली. केंद्राचे दहा लाख तेविसाव्या वर्षी मिळतील. तेव्हा आम्ही असू-नसू.

काका, भांडुप

आजी, नमस्कार. एक भर घालतो. भाऊ कारखान्यात होता, पीएफ कापला जायचा. वहिनीही गेल्यावर पुतण्यांना ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) अनाथ पेन्शन लागली. विधवेच्या पेन्शनीच्या ७५ टक्के, किमान ७५० रुपये, एका वेळी दोन मुलांना, पंचवीस वर्षांपर्यंत. रक्कम किरकोळ आहे, पण हक्काची आहे. बालसंगोपन योजनेसाठी बालकल्याण समितीकडे गेलो. महिना २,२५० रुपये मुलामागे. आधी गृहभेट होते, बाई येऊन मुलं झोपतात कुठे, अभ्यास कुठे करतात ते बघून जातात. आम्ही उगाच नवीन चादरी घातल्या होत्या.

मामा, ठाणे

वरचे दोन्ही अनुभव आईबाप दोघं गेलेल्या मुलांचे आहेत. एक जण हयात असेल तर गणित पार बदलतं. माझी बहीण कॅन्सरने गेली. भाचा दोन वर्षांचा असल्यापासून आमच्याकडे. पाच वर्षांनी दाजींचं दुसरं लग्न झालं आणि ते म्हणाले, मुलगा द्या. आमचा समज असा की सांभाळलं आम्ही, म्हणजे हक्क आमचा. वकिलांनी त्याच १८९० च्या कायद्याचं कलम १९ वाचून दाखवलं : आई किंवा वडील हयात असून कोर्टाच्या मते अपात्र नसतील, तर मुलाचा पालक म्हणून दुसऱ्याला नेमता येत नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मावशांकडे असलेली लहान मुलगी वडलांकडे दिली, मावशांना भेटीचे हक्क ठेवले. आमच्यासारखीच गोष्ट, आईला कॅन्सर.

आम्ही वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात समुपदेशकांपुढे बसलो. पहिल्या भेटीत भाचा आणि दाजी खेळण्यांच्या खोलीत समोरासमोर, मध्ये तीन चाकांचा एक ट्रक. वीस मिनिटं कुणी बोललं नाही. मग दाजींनी खिशातून पेनाचं टोपण काढून चौथं चाक म्हणून लावलं. तिथून पुढे निघालं. संमतीच्या अटी झाल्या : दहावीपर्यंत आमच्याकडे, रविवार आणि अर्धी सुट्टी त्यांच्याकडे. मला तेव्हा हरल्यासारखं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

गिरगावकर आजोबा

सरळ दत्तक घ्या असं सुचवणाऱ्यांसाठी. आम्ही नातवाला दत्तक घ्यायला गेलो. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात मुलगा दत्तक घ्यायचा तर घेणाऱ्याला मुलगा किंवा मुलाकडून नातू-पणतू हयात नसावा लागतो. वकीलबाई हसल्या : "तुमचा नातू हयात आहे ना? तोच आडवा येतोय!" बाल न्याय कायद्यातून नात्यातलं दत्तक होतं. त्यात काका-आत्या, मामा-मावशी, दोन्हीकडचे आजी-आजोबा येतात. पण दत्तक म्हणजे कागदावर मी त्याचा बाप. भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाला मग त्याने काय म्हणायचं? आम्ही पालकत्वावर थांबलो.

नानी, कुर्ला

आम्ही कोकणी मुसलमान. आमच्यात आईनंतर मुलं सांभाळायचा हक्क नानीचा, पण मिळकतीचा वली (पालक) बाप, मग दादा, म्हणजे बापाचा बाप. कोर्ट तरीही मुलाचं भलं बघतंच. १८९० चा कायदा सगळ्यांना आहे. माझी मुलगी तलाकनंतर नोकरीला आखातात गेली, जाताना माझ्या नावे मुखत्यारपत्र केलं. शाळा, लसी, किरकोळ दवाखाना यांना ते पुरलं. पासपोर्टच्या वेळी तिच्याच सह्या मागवाव्या लागल्या. वकिलाचे पैसे नसतील तर बायकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. मला मिळाली ती वकील मुलगी तारखेला माझ्याआधी हजर असायची.

एक आई

मी दुसऱ्या बाजूची. नवरा नाही, केमो चालू आहे. हिंदू विधवा आईला मृत्युपत्राने मुलांचा पालक नेमता येतो, हे मला ओळखीतल्या वकिलांनी सांगितलं. दोन साक्षीदार लागले, शेजारच्या दोघींनी सह्या केल्या आणि घरी जाऊन रडल्या असणार. धाकट्या बहिणीचं नाव लिहिलंय, तिला विचारून. लेकीलाही विचारलं. ती नऊ वर्षांची आहे. म्हणाली, मावशीकडे पंखा फार आवाज करतो, तो बदलायला सांग.

बदललाय.

धागाकर्ती मावशी

ताई, काय लिहू. तब्येत सांभाळा.

मामा, तुमचं वाचून पोटात गोळा आला. भाचीचे बाबा हयात आहेत, असावेत. तीन वर्षं ठावठिकाणा नाही. अशा वेळी कोर्टात अर्ज केला तर त्यांना द्यायची नोटीस कुठे पाठवायची?

मामा, ठाणे

आमच्या चाळीत एकाचं असंच होतं. शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावरच आधी पाठवायची. पाकीट परत आलं की कोर्टाला सांगून वर्तमानपत्रात नोटीस देता येते. परत आलेलं पाकीट फोडू नका. पोस्टमनने पेनने मारलेला शेरा असतो त्यावर, तोच दाखवायचा.