अमेरिकी पोलाद आणि युरोपचा सीबॅम
अमेरिकेत बहुतेक पोलाद विद्युत भट्टीत भंगारापासून बनतं, त्यात कार्बन-उत्सर्जन कमी, म्हणून युरोपच्या कार्बन शुल्काची (सीबॅम, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावरचं शुल्क) झळ त्यांना नाही, असं म्हणतात; ते अर्धंच बरोबर. जानेवारी २०२६पासून प्रत्यक्ष उत्सर्जन कारखान्यागणिक मोजून, पडताळून दाखवावं लागतं. आकडे नसले की आयातदाराला युरोपीय संघाने ठरवून दिलेले उत्सर्जनाचे ठरावीक आकडे लागतात, आणि ते मुद्दाम चढे ठेवलेत. भंगाराचा फायदा तिथेच बुडतो. खरी गोची नट-बोल्टवाल्यांची: पोलाद दुसऱ्या कारखान्याकडून विकत घेतलेलं, त्यामुळे त्याच्या उत्सर्जनाचे आकडेही त्या कारखान्याकडे. ५० टनांपर्यंत शुल्कातून सूट आहे, पण ती एकेका खेपेला नाही, आयातदाराच्या वर्षभराच्या सगळ्या पुरवठादारांच्या मालाला मिळून. मूळ देशात उत्सर्जनासाठी भरलेली कार्बन-किंमत या शुल्कातून वजा होते खरी, पण अमेरिकेत संघीय पातळीवर तशी किंमतच नाही.