गांधी-आयर्विन करार: येरवड्यात फिसकटलं ते दिल्लीत कसं जुळलं?

पेठेतला_परीक्षार्थी: सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सविनय कायदेभंग थांबवणाऱ्या या कराराच्या अटी घोकतोय. ऑगस्ट १९३० मध्ये तेजबहादूर सप्रू आणि मु. रा. जयकर सरकार-काँग्रेसमध्ये मध्यस्थीला येरवडा तुरुंगात गांधींकडे आले, मोतीलाल-जवाहरलालना नैनीहून तिथे आणलं, तरी बोलणी फिसकटली. मग मार्च १९३१ मध्ये पदरात एवढं कमी पडत असताना सही का केली?

विद्यापीठ_रोड: मधे लंडनला पहिली गोलमेज परिषद काँग्रेसविना उरकली. त्यातून काही निघणार नाही हे सरकारलाही दिसलं. २६ जानेवारीला गांधी सुटले, १७ फेब्रुवारीपासून दिल्लीत व्हाइसरॉय आयर्विनशी भेटी. (आपल्या पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय याच जयकरांच्या नावाचं. पहिले कुलगुरू!)

जुना_दस्तलेखक: जन्मभर खरेदीखतं लिहिली, म्हणून मी आधी खालच्या अटी वाचतो. वटहुकूम मागे, किनाऱ्यावरच्या गावांना घरापुरतं मीठ, शांततेत पिकेटिंग (दुकानांपुढची निदर्शनं), हे सगळ्यांना पाठ असतं. आता पुढे वाचा. शेतसारा थकवला म्हणून जप्त झालेली जमीन सरकारच्या ताब्यात असेल तर परत. तिऱ्हाइताला विकली असेल तर तो व्यवहार कायम. गुजरातेतल्या ज्या खातेदाराची जमीन लिलावात गेली, त्याने काय करायचं? राजीनामा दिलेल्या पाटलाच्या जागी दुसरा कायम झाला असेल तर जुना घरीच. पेशावरला निदर्शकांवर गोळी झाडायला नकार देणारे गढवाली शिपाई माफीबाहेर. पोलिसी अत्याचारांच्या चौकशीची मागणी तर गांधींनी सोडूनच दिली. व्हाइसरॉयने बरोबरीने बसवून बोलणी केली, याचं मोल त्यांना जास्त वाटलं असावं. मला ते पटतं, पण त्या खातेदाराला कोणी विचारलं होतं?

खेड_तालुका: आणि भगतसिंगांचे साथी, आमच्या खेडचे राजगुरू? ५ मार्चला सह्या, २३ मार्चला लाहोरात फाशी.

जुना_दस्तलेखक: हिंसेचा गुन्हा असलेल्यांना सुटका नव्हतीच. गांधींनी फाशीचा विषय आयर्विनकडे काढला, पण कराराची अट केली नाही. कराची अधिवेशनाला गेले तेव्हा तरुणांनी काळी फुलं देऊन स्वागत केलं. सोलापूरच्या १९३० च्या आंदोलनातले चौघे तर १२ जानेवारीलाच येरवड्यात फासावर गेले होते.

पेठेतला_परीक्षार्थी: तिऱ्हाइताची अट आमच्या नोट्समध्ये नाहीच. त्या जमिनी पुढे मिळाल्या का काका?

जुना_दस्तलेखक: मिळाल्या, पण करारामुळे नव्हे. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आल्यावर १९३८ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला.