सल्ला हवा: कंपनीच्या प्रवासासाठी वापरलेले हलके जेट विमान घेताना काय पारखावे?

गिरगावकर:
नमस्कार मंडळी. आमचे मुख्य कार्यालय मुंबईत आणि कारखाने इंदूर, बेळगाव व कोइमतूर येथे आहेत. चार-पाच अधिकाऱ्यांना सकाळी जाऊन रात्री परतता यावे म्हणून संचालक मंडळाने वापरलेले हलके जेट घेण्याचे ठरवले असून प्राथमिक छाननी वित्त विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे आली आहे. नजरेत दोन विमाने आहेत आणि दोन्ही अमेरिकेत नोंदलेली आहेत. पहिले २०१२ चे सेसना सायटेशन सीजे३. उड्डाण ३,६०० तास, रंग नवा, आसने नवी, किंमत कमी. इंजिने मात्र मूळचीच असून कोणत्याही देखभाल योजनेत नाहीत. दुसरे २०१३ चे एम्ब्रेयर फेनम ३००. उड्डाण ४,१०० तास, रंग विटलेला, अंतर्गत सजावट जुनी, पण इंजिने प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाच्या ईएसपी योजनेत (उड्डाणाच्या तासांप्रमाणे पैसे भरून इंजिनांची देखभाल करून घेण्याची योजना) आहेत. संचालकांचा कल पहिल्याकडे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

देखभालवाला:
रंग आणि आसने सर्वांत शेवटी पाहा. सीजे३ च्या विल्यम्स एफजे४४-३ए इंजिनांचे ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून केलेली मोठी दुरुस्ती) साधारणपणे ४,००० तासांना येते. तुमच्या हाती चारशे तास उरतात आणि नियमित वापरात ते पाहता पाहता संपतात. दोन्ही इंजिनांच्या ओव्हरहॉलचा खर्च किमतीत मिळवल्याशिवाय हे विमान स्वस्त आहे असे म्हणताच येणार नाही. ईएसपीमध्ये पहिल्या मालकाने दर तासामागे पैसे भरलेले असतात आणि त्याचा लाभ पुढच्या मालकाला मिळू शकतो. मात्र हप्ते थकलेले नाहीत आणि करार तुमच्या नावे होईल, असे इंजिन कंपनीचे लेखी पत्र मागा. दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

त्यानंतर लॉगबुके, म्हणजे उड्डाण व देखभालीच्या नोंदवह्या. पहिल्या उड्डाणापासूनची सलग आणि मूळ प्रत हवी. एखादे पुस्तक गहाळ असेल, तर विमान उत्तम उडत असले तरी पुढे विकताना त्याची किंमत पडते. तास महिन्यांनुसार मांडून पाहा. मध्येच वर्षभर विमान उडालेच नसेल, तर ते कुठे उभे होते, हँगरमध्ये की समुद्रकाठी उघड्यावर, हे विचारलेच पाहिजे, कारण उभ्या विमानाला गंज लवकर धरतो आणि सील सुकतात.

खरेदीपूर्व तपासणी अशा केंद्रात करा, जिथे या विमानाची देखभाल आजवर झालेली नाही. स्वतःच्याच कामातील दोष कोणी सहसा लिहून देत नाही. इंजिनांची बोरोस्कोप तपासणी (बारीक कॅमेरा आत घालून केलेली पाहणी) आणि टर्बाइनच्या पात्यांची छायाचित्रे अहवालात असावीत. शौचालय आणि पेयकक्षाखालचे फ्लोअर पॅनेल उघडण्याचा आग्रह धरा. तिथे वर्षानुवर्षे सांडलेले पाणी मुरते आणि ॲल्युमिनियमवर पांढरी, पिठासारखी भुकटी दिसली, तर तो गंज आहे. वरून गालिचा कितीही नवा असला तरी खालची पट्टी बदलण्याचा खर्च मोठा असतो.

मला विचाराल तर विटलेल्या रंगाचे फेनम.

अंधेरी_पूर्व:
वरील मताशी सहमत, पण विमान निवडण्याआधी ते कोणत्या वर्गात नोंदवणार, हे ठरवा. वैयक्तिक वापराच्या विमानांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे, तर इतर विमानांवर ५ टक्के. कंपनीचा स्वतःचा वापर कशात मोडतो आणि बिगर-अनुसूचित (ठरावीक वेळापत्रकाशिवाय, भाड्याने उड्डाणे करण्याचा) परवाना घेणाऱ्या संस्थेमार्फत विमान चालवल्यास काय फरक पडतो, याबद्दल करसल्लागाराचे लेखी मत घ्या. आयात विमानाच्या वयावर डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मर्यादा असते. ती तुमच्या वर्गासाठी किती आहे, हे बयाणा देण्यापूर्वी तपासा.

मालकी व बोजा (विमानावरील कर्ज किंवा इतरांचा हक्क) यांचा शोध अमेरिकेच्या ओक्लाहोमा सिटीतील नोंदणी कार्यालयात आणि केपटाऊन कराराखालील (विमानांवरील हक्कांबाबतचा आंतरराष्ट्रीय करार) आंतरराष्ट्रीय नोंदवहीत, अशा दोन्ही ठिकाणी घ्यावा आणि पैसे एस्क्रो खात्यातूनच (व्यवहार पूर्ण होईपर्यंत त्रयस्थाकडे पैसे राहतात ते खाते) द्यावेत.

तुमच्या सकाळ-रात्रीच्या वेळापत्रकासाठी याहून मोठी अडचण मुंबईतच आहे. २०२४ मध्ये मुख्य विमानतळावर खासगी विमानांवरील दैनंदिन बंदी चार तासांवरून आठ तासांवर गेली: सकाळी ८ ते ११, सायंकाळी ५ ते ८ आणि रात्री सव्वानऊ ते सव्वाअकरा. सध्याच्या वेळा ऑपरेटरकडून लेखी घ्या. जुहूची धावपट्टी जेटसाठी अपुरी आहे.

गिरगावकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. बंदीच्या वेळांचा विचार आम्ही केलाच नव्हता. आता सकाळी आठच्या आत निघून रात्री आठ ते सव्वानऊच्या दरम्यान परतणे शक्य आहे का, हे आधी पाहतो. पावसाळ्यात बेळगावला उतरण्याच्या दृष्टीने दोन विमानांत काही फरक आहे का?

देखभालवाला:
फारसा नाही. बेळगावची धावपट्टी २,३०० मीटरची आहे, त्यामुळे लांबीची चिंता नको. मात्र दोन्ही विमानांना थ्रस्ट रिव्हर्सर (उतरल्यावर इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणारी यंत्रणा) नाहीत, म्हणजे ओल्या धावपट्टीवर सारा भार ब्रेक, टायर आणि अँटी-स्किड (चाके घसरू न देणाऱ्या) यंत्रणेवर येतो. चाचणी उड्डाणात ही यंत्रणा तपासून घ्या, ब्रेकच्या झिजेची मापे अहवालात नोंदवून घ्या आणि तपासणीत निघालेले उड्डाणयोग्यतेचे दोष विक्रेता स्वखर्चाने दूर करील, हे कलम इरादापत्रातच (खरेदी करारापूर्वीच्या प्राथमिक पत्रात) घाला. तपासणी झाल्यावर ते कलम घालून घेणे जवळजवळ अशक्य होते.