आदेश आमच्या घरावर, पण याचिकेत आमचं नावच नाही. हे बरोबर का?

खाडीकाठ
गेल्या महिन्यात कोतवाल पडवीच्या खांबाला नोटीस चिकटवून गेला. पंधरा दिवसांत समुद्राकडचं बांधकाम काढा, उच्च न्यायालयाचा आदेश आहे. कुठली केस, कोणी घातली, गावात कुणाला पत्ता नाही. शेवटी मुंबईच्या भाच्याने कागद मिळवून पाठवले. पहिल्या पानावर अर्जदार एक संस्था, समोर राज्य शासन, जिल्हाधिकारी, किनारा क्षेत्र प्राधिकरण आणि आमची ग्रामपंचायत. ज्यांच्या खोल्या पाडायच्या त्यांतला एकही माणूस नाही. जोडलेल्या कागदांत मात्र माझ्या घराचा रंगीत फोटो आहे, अंगणात वाळत घातलेल्या सोलांसकट! फोटोपुरते आम्ही केसमध्ये.

जनहित याचिका नकोच असं मी म्हणत नाही. आमच्याच वाडीत दोघांनी भरतीरेषेला चिकटून काँक्रीट ओतलंय, ते मलाही पटत नाही. पण १९८४ साली प्रबोध वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की निकालाचा फटका ज्यांना बसणार ते समोर नसताना रिट, म्हणजे सरकारी कृतीविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेली याचिका, निकाली काढू नये. माणसं फार असतील तर निदान काहींना सगळ्यांचे प्रतिनिधी म्हणून घ्यावं. ते प्रकरण शिक्षकांच्या नोकऱ्यांचं होतं. घराला तो नियम का नको?

कासवमित्र
दादा, राग समजतो, पण मुद्दा पटत नाही. जनहित याचिका म्हणजे बांधावरचं भांडण नव्हे. बेकायदा काम थांबवायची जबाबदारी सरकारची, म्हणून प्रतिवादी सरकार. तीनशे घरमालकांना पक्षकार करा, प्रत्येकाला समन्स, त्यात एक वारला की त्याचे वारस, एक पुण्याला, एक दुबईला. तोवर किनारा संपला. कांदळवनांच्या याचिकेचंच बघा. २००५ मध्ये तोडीवर आणि भरावावर बंदी आली, अंतिम निकाल २०१८ मध्ये. भराव टाकणाऱ्या प्रत्येकाला आधी शोधून आणायचं ठरलं असतं तर आज काय उरलं असतं?

दुसरं, जरा कडू बोलतो. हस्तक्षेप अर्ज, म्हणजे चालू केसमध्ये आम्हालाही बोलू द्या असा अर्ज, घेऊन सर्वात आधी कोण धावतं? सोलं वाळवणारा नव्हे. मोठा रिसॉर्टवाला येतो, ज्येष्ठ वकील उभा करतो आणि अर्जात लिहितो ‘स्थानिकांच्या रोजगाराचा प्रश्न’. तुमचं नाव, त्याचं काम.

काळा कोट कणकवली
दोघंही दोन गोष्टींची मिसळ करताय. पक्षकार होणं वेगळं, हस्तक्षेप करणं वेगळं.

ज्याच्याशिवाय परिणामकारक आदेशच देता येत नाही तो आवश्यक पक्षकार. ज्याच्याशिवाय आदेश देता येतो, पण तो असला तर प्रश्नाचा पुरता निकाल लागतो, तो योग्य पक्षकार. हा फरक सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ च्या उदित नारायण सिंग निकालापासून रुळलेला आहे. हस्तक्षेप करणारा याहून खालच्या पायरीवर. त्याला कोर्ट जेवढं बोलू देईल तेवढंच. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ मध्ये आदेश १ नियम ८अ घातला तो अशांसाठी: कायद्याच्या प्रश्नात रस असलेल्याला मत मांडू द्यावं. रिटला ती संहिता जशीच्या तशी लागू नाही, तिच्याच कलम १४१ च्या स्पष्टीकरणात ते आहे. तत्त्वं मात्र रोज वापरली जातात.

म्हणून खाडीकाठ, ‘आम्हाला पण ऐका’ एवढाच अर्ज करू नका. पक्षकार करा आणि आमच्यापुरता आदेश मागे घ्या, दोन्ही मागा. आणि कासवमित्र, ज्याचं छप्पर जाणार तो ‘रस असलेला’ नसतो हो. तो बाधित असतो.

रापणकर
ह्या सगळा ठीक, पण आमचा काय? २०१६ साली पर्ससीनवर, म्हणजे यांत्रिक बोटींच्या मोठ्या घेरजाळ्यांवर, मर्यादा इली. उद्या पर्ससीनवाले तेच्या विरोधात कोर्टात गेले, तर किनाऱ्यावरून जाळा ओढणाऱ्या आमच्या रापणवाल्यांच्या बाजून कोण? सरकारी वकील? तेका बांगडो आणि तारली येगळी करून दाखव म्हणा.

कासवमित्र
रापणकरांनी बरोबर कोंडीत पकडलं. तिथे मीच म्हणेन, पारंपरिक मच्छीमारांना आत घ्या. सरकार कधी ढिलं पडेल सांगता येत नाही.

पण माझी अट सोडत नाही. एका वाडीचं एकच प्रतिज्ञापत्र, एकच वकील, आणि तारखा मागायच्या नाहीत. शिवाय ऐकलं म्हणजे घर वाचलं असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयातल्या ओल्गा टेलिस प्रकरणात पत्रकाराबरोबर मुंबईच्या पदपथावर राहणारे स्वतः अर्जदार होते. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे १९८५ मध्ये मान्य झालं, आणि तरी पदपथ रिकामे करायला परवानगी मिळालीच. पावसाळा गेल्यावर, ३१ ऑक्टोबरनंतर.

खाडीकाठ
पावसाळ्याची मुदत कोणी बोललं म्हणून मिळते ना? तेवढंच मागतोय. आमच्या बाजूने बोलायला ग्रामपंचायत होती म्हणे. आदेशाच्या पहिल्या पानावर लिहिलंय, ग्रामपंचायतीतर्फे कोणी हजर नाही. का ते गावात सगळ्यांना माहीत आहे. घरपट्टी त्यांनीच लावली, ना हरकत दाखलेही त्यांचेच. कोर्टात तोंड उघडलं की पहिला प्रश्न त्यांनाच आला असता. असल्या प्रतिनिधीच्या भरवशावर आमचं घर?

एक वाडी, एक प्रतिज्ञापत्र मान्य. पण काँक्रीटवाले दोघे आमच्या अर्जात नकोत.

काळा कोट कणकवली
ते दोघे वेगळे ठेवा, तुमच्या भल्याचंच आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गाची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत, मुंबई गाठायला नको. फोंडा घाट चढा. सातबारा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या आणि नोटिशीचा फोटो घेऊन या, खांबावर आहे तसाच. नोटीस उपटू नका.

खाडीकाठ
अर्धी पावसाने गेली. उरलेलीचा काढतो.