'नॅनो कीटकनाशक': नॅनो नेमकं काय असतं?

शब्दवेल्हाळ
एक माहितीपत्रक मराठीत करतोय. 'नॅनो कीटकनाशक'ला 'अब्जांश कीटकनाशक' म्हणावं की 'सूक्ष्म कीटकनाशक'? आणि पर्यावरणाच्या संदर्भात 'रिस्क'ला धोका की जोखीम?

रसायनी
'सूक्ष्म' नको. सूक्ष्मदर्शक, सूक्ष्मजीव यांमुळे तो मायक्रोच्या वाट्याला गेलाय, आणि मायक्रो म्हणजे नॅनोच्या हजारपट. 'अब्जांश' हिशेबाला बरोबर आहे, मीटरचा अब्जावा भाग. पण कीटकनाशकांचे पाण्यातले अवशेषही 'अब्ज भागांत इतके भाग' असेच मोजतात. 'विहिरीत अब्जांश कीटकनाशक आढळलं' या वाक्यात कणाचा आकार सांगितला की प्रमाण, काही कळत नाही. मी सरळ 'नॅनो' लिहीन.

खरा घोळ पुढेच आहे. कीटकनाशकाचा रेणू मुळातच साधारण १ नॅनोमीटरचा असतो, तो आणखी लहान कोण करणार? तेव्हा या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात. एकीत जुनंच औषध पॉलिमर, सिलिका किंवा चिकणमातीच्या कवचात भरलेलं असतं, नाहीतर तेलाच्या बारीक थेंबांत. दुसरीत चांदी, तांबं, झिंक ऑक्साइड यांचे कण हेच औषध. १ सेंटीमीटरच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर; त्याचेच १०० नॅनोमीटरचे घन पाडले तर एकूण ६० चौरस मीटर. धातूचे आयन (विद्युतभार असलेले अणू) या पृष्ठभागावरूनच सुटतात, त्यामुळे तेवढ्याच तांब्याचा परिणाम वाढतो, बुरशीवर आणि ओढ्यातल्या जीवांवरही.

कवचवाल्यांची तऱ्हा वेगळी. कवच औषधाला उन्हापासून वाचवतं आणि सावकाश सोडतं, म्हणून कमी मात्रा पुरते. जाहिरातीत एवढंच येतं. पण पानावर टिकणारं कवच मातीतही टिकू शकतं. याचा धडा नॅनोच्या आधीचा आहे. १९७० च्या दशकात मिथाइल पॅराथिऑन हे कीटकनाशक मायक्रो आकाराच्या कुप्यांत भरून बाजारात आलं. कुप्या परागकणांएवढ्या. मधमाश्यांनी त्या परागाबरोबर गोळा करून पोळ्यात नेल्या आणि साठवलेल्या परागात विष टिकून राहिलं. विष जुनंच होतं, नवी होती ती कुपी.

म्हणून माहितीपत्रकात 'नॅनो कवचातलं' आणि 'नॅनो कणांचं' असा भेद करा. (नॅनोची हद्द सहसा १०० नॅनोमीटर धरतात, पण त्याच्या वरचे कणही संशोधनलेखांत बिनदिक्कत 'नॅनो' म्हणून वावरतात, ते निराळंच.)

पाणवठा
तांबं आलं की 'कीटकनाशक'ही अपुरं पडतं, ते बुरशीनाशक म्हणून वापरतात. कीटक, बुरशी, तण सगळं धरायचं तर 'पीडकनाशक'. कानाला खडबडीत लागतो, पण शब्द नेमका आहे.

धोका आणि जोखीम वेगळे ठेवाच. तांब्याचे कण जलचरांना घातक आहेत, हा धोका. फवाऱ्यातले किती कण पाण्यापर्यंत पोचतील, तिथे कोणत्या रूपात आणि किती काळ राहतील, हे धरून ठरते ती जोखीम. चांदीचंच बघा. सांडपाण्याच्या गाळात नॅनो चांदीचं बरंचसं सिल्व्हर सल्फाइड होतं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि विषारीपणा घटतो. चांदीचा धोका कागदावर तोच, जोखीम मात्र बदलली. उलट आम्लधर्मी मातीत तांब्याचे आयन जास्त सुटतात. बाटलीतल्या कणाचा आकार सांगून भागत नाही ते यामुळे.

शब्दवेल्हाळ
दोघांचेही आभार. मग वाक्य असं करतो: 'नॅनो कवचातलं हे पर्यावरणपूरक पीडकनाशक कमी मात्रेत परिणाम करतं.' चालेल?

रसायनी
'पर्यावरणपूरक' मूळ मजकुरात आहे का?

शब्दवेल्हाळ
नाही. तिथे फक्त 'कमी मात्रा लागते' एवढंच आहे.

रसायनी
मग तेवढंच लिहा. आणि कवच मातीत किती दिवस राहतं, हे मूळ मजकूर देणाऱ्यांना विचारा.